शेजारच्या अंगणातली खिडकी

केजमधलं आमचं घर विकायला काढलं, तेव्हा मला त्याचं फारसं काही वाटत नव्हतं. वडिलांनी प्लॉट घेऊन बांधलेलं साधं स्लॅबचं घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागं बाथरूम. त्या बाथरूममध्ये आई दोनदा घसरून पडली होती. वडील गेलेले, मी एकुलती एक, राहते पुण्यात. तिनं माझ्याकडे यावं एवढंच मला हवं होतं.

"तू म्हणशील तसं," आई म्हणाली. "पण घर इकल्याबिगर मी हितून हलणार न्हाई."

इतक्या सहज ती कधी कशाला हो म्हणत नाही.

गिऱ्हाईक मिळालं. एक शिक्षक होते, कर्ज काढून घेणार होते. बँकेचा वकील नकाशा घेऊन घरभर फिरला आणि स्वयंपाकघरातल्या खिडकीपाशी थांबला. नकाशात तिथं नुसता झरोका होता. वडिलांनी मागे घरातल्या सगळ्या लाकडी खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या बसवल्या, तेव्हा त्या झरोक्याची ऐसपैस खिडकी केली. ती उघडते शेजारच्या मावशींच्या अंगणात, म्हणजे त्यांची लेखी संमती हवी. ती नव्हती. वडिलांनी तोंडी विचारलं होतं, मावशी "करा की" म्हणाल्या होत्या, विषय संपला होता. जो माणूस विजेची बिलंसुद्धा सुतळीत बांधून ठेवायचा, त्याच्याकडे हाच कागद नसावा! माझं डोकं फिरलं.

"आता संमतीपत्र आणा," वकील म्हणाला, "नाहीतर खिडकी बुजवा. नकाशासारखं झालं की आमची हरकत नाही."

मावशी एकट्या राहतात, शेळ्या पाळतात. आई खिडकीशी बसून भाजी निवडायची, त्या पलीकडं ओट्यावर बसायच्या, आणि गप्पांबरोबर देठं, सालं बाहेर शेळ्यांपुढं पडायची. अशा बाईचा अंगठा मिळायला कितीसा वेळ लागणार?

पहिल्यांदा गेले तर अमावस्या निघाली. मग लेकाला फोन करून विचारायचं होतं. मग अंगठ्यालाच चिंधी बांधलेली. "लई ठणकतंय माय, ठसा कसा उमटंल?" संध्याकाळी बघते तर त्याच अंगठ्यानं शेळीची धार काढणं चाललेलं.

"तुझ्या मैत्रिणीला जरा समजाव," मी आईवर चिडले.

"तिच्या मनात न्हाई तर म्या काय करू?" म्हणत आई मेथी निवडत राहिली. देठं खिडकीबाहेर गेली.

शेवटी मी गवंडी बोलावला. त्यानं विटा आणून टाकल्या, माप घेतलं, सरकते पल्ले काढून भिंतीला टेकवले. तशी आई उठली. कागद आणि शाईची डबी घेतली, काठी टेकत पायऱ्या उतरली आणि मावशींकडे गेली. उघड्या चौकटीतून मला दोघी दिसत होत्या. मावशी मान हलवून नको म्हणत होत्या. आईनं त्यांच्या अंगठ्याची चिंधी सोडली, अंगठा शाईत बुडवला आणि स्वतःच्या हातानं कागदावर दाबला.

परत येऊन तिनं कागद माझ्यापुढं धरला. "घे. खिडकीला हात लावू नको."

"इतके दिवस देत नव्हत्या त्या, आणि आता?"

"मीच सांगितलं होतं तिला, देऊ नको म्हणून."

"का गं?"

"मला जायचं न्हवतं."

"मग आता का दिलास?"

"मी गेल्यावर तिनं काय भिंतीकडं बघत बसावं? नवी बाई यील, तिच्याशी तरी बोलंल."

मला राग आला होता. तो कुणावर काढायचा ते कळेना. राहू दे, नको विकूया, असं मी म्हणाले का? नाही. बाथरूम तिथंच होतं. गवंड्याला पल्ले परत बसवायला सांगितलं आणि कागद वकिलाकडे नेऊन दिला.

माझ्या फ्लॅटच्या खिडक्यांचे सगळे कागद आहेत, फाइलला नीट लावलेले. आई तिथल्या स्वयंपाकघरात खिडकीशी स्टूल घेऊन बसते, भाजी निवडते आणि देठं खिडकीच्या अरुंद कट्ट्यावर गोळा करून ठेवते. खाली, खूप खाली, गाड्या लावलेल्या असतात. ती आत गेली की मी देठं उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकते.