भिंतीत सोडलेली मुलगी

जुन्या जालन्यातली ती घरफोडी आठवली की आजही मला एका जागी बसवत नाही. उठून दोन येरझारा घालतो, तेव्हा कुठे बरं वाटतं. नोकरीत याहून मोठे गुन्हे पाहिले, खूनही पाहिले. पण असा अस्वस्थ दिवस दुसरा आठवत नाही.

राज्य निजामाचं होतं. मी ठाण्याचा अमीन होतो, म्हणजे आजच्या भाषेत फौजदार. दफ्तर सगळं उर्दूत, भांडणं मात्र मराठीत. एका सकाळी कापडाच्या एका मोठ्या व्यापाऱ्याचा मुनीम धापा टाकत रपट द्यायला आला. व्यापाऱ्याच्या घरी नातवाचं बारसं नुकतंच झालं होतं. बारशासाठी काढलेले सुनेचे दागिने माजघरातल्या पेटीतून गेले होते.

मी जमादाराला घेऊन जागेवर गेलो आणि पंचनामा केला. मागच्या बोळाकडच्या मातीच्या भिंतीला पहारीनं भोक पाडलेलं होतं. ते भोक पाहून मी चक्रावलो. त्यातून माझा खांदासुद्धा गेला नसता. घराच्या दाराच्या कड्या मात्र आतून लागलेल्याच होत्या.

व्यापाऱ्याचं वजन मोठं होतं. उन्हं चढायच्या आत मोहतमीम साहेबांचा, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या वरिष्ठांचा निरोप आला की आजच्या आज कुणाला तरी अटक झाली पाहिजे. 'कुणाला तरी' हा शब्द आमच्या खात्यात फार घातक आहे. तो आला की माणसं चोर शोधायचं सोडून सोयीचा माणूस शोधू लागतात.

सोयीचा माणूस लगेच सापडलाही. आमचा एक जुना खबऱ्या ठाण्याच्या मागच्या दारानं आला आणि खाली बसत म्हणाला, "साहेब, त्या घरचं बाळंतपण कोणी केलं, ठाव हाय का? सरकारी दवाखान्यातल्या दाईनं. अन् ती दाई कोणाची पोरगी हाय, ते इचारा. तिचा बाप नामी घरफोड्या. तुरुंगातून सुटून आलाय, असं कानावर हाय."

दाईबाईंना मी नावानं ओळखत होतो. पस्तिशीच्या आतल्या, सडपातळ, चालणं झपझप. गावातल्या चांगल्या चांगल्या घरांत त्यांच्याशिवाय बाळंतपण होत नसे. त्यांना ठाण्यात बोलावलं. त्या आल्या, पण खुर्चीवर बसेनात.

मी सरळ विचारलं, "बाई, तुमचे वडील कोण?"

त्यांचा चेहरा उतरला नाही. हा प्रश्न कधीतरी येणार, याची त्या बरीच वर्षं वाट पाहत असाव्यात.

"कळलंय तुम्हाला, म्हणूनच बोलावलं ना?" त्या म्हणाल्या. "घरफोड्या होता. मी लहान होते तेव्हा भिंतीला भोक पाडायचा अन् मला आत सारायचा. आत जाऊन मी दाराची कडी काढायची. हेच माझं बालपण. एकदा अडकले. अर्धी आत, अर्धी बाहेर. घरची माणसं जागी झाली अन् तो मला तिथंच सोडून पळून गेला."

पुढचं त्यांनी थोडक्यात सांगितलं. ते मी नंतर पडताळून पाहिलं, अक्षर न् अक्षर खरं होतं. सकाळी लोकांनी भिंत खणून मुलीला बाहेर काढलं. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. पोलिसांनी तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेऊन टाकलं. बाप पुढे पकडला गेला. तिला मात्र न्यायला कुणी आलं नाही. दवाखान्यात स्वयंपाक करणाऱ्या एका विधवा बाईनं तिला ठेवून घेतलं. मुलीनं फरशा पुसल्या, पट्ट्या धुतल्या. औषधांच्या बाटल्यांवरची उर्दू अक्षरं बोटानं गिरवत वाचायला शिकली. दाईच्या परीक्षेला बसली, नापास झाली. पुन्हा बसली, पुन्हा नापास. लोक म्हणत, चोराच्या पोरीच्या हातात बाळ कोण देणार? तिनं तिसऱ्यांदा परीक्षा दिली.

"मंग पास झाले," त्या म्हणाल्या, "अन् इकडं बदली मागून घेतली. इथं मला कोणी वळखत नव्हतं."

"तुमचा बाप सुटलाय. माहीत आहे?"

"न्हाई." हे मात्र त्या चमकून म्हणाल्या.

"दागिन्यांची पेटी कुठे आहे, हे त्या घरात कोणाला माहीत होतं?"

"मला होतं. बाळंतिणीच्या खोलीत दिवसदिवस बसणाऱ्या बाईला सगळंच दिसतं. पण साहेब, असल्या घरांत मी इतकी वर्षं जाऊन राह्यले. चोरायचंच असतं तर परीक्षा कशाला दिली असती?"

मी म्हणालो, "भोक एवढं लहान आहे की मोठा माणूस आत शिरूच शकत नाही."

त्या बोलायच्या थांबल्या. पदराचं टोक मुठीत धरलं आणि खोलीत इकडून तिकडे फिरू लागल्या. चौकशीत गप्प बसणारी माणसं मी पुष्कळ पाहिली होती. लपवणारा माणूस गप्प बसतो तेव्हा आपल्याकडे बघत असतो. या बाई कुणाकडेच बघत नव्हत्या.

तेवढ्यात बाहेर गलका झाला. एक टांगेवाला जमादाराशी हुज्जत घालत आत घुसला. त्याची बायको कालपासून अडली होती आणि दाईबाई ठाण्यात असल्याचं त्याला दवाखान्यात कळलं होतं.

जमादार म्हणाला, "अरे, चोरीचा संशय आहे तिच्यावर."

"असंल, न्हाईतर नसंल! मला काय करायचं? माझी बायको मरून राह्यली, सायेब!"

दाईबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "जाऊ द्या मला. परत येते."

मी एक शिपाई सोबत दिला आणि त्याला दाराबाहेर थांबायला सांगितलं. त्या गेल्यावर जमादार कुजबुजला, "साहेब, पळाली तर?"

"पळाली तर चोर सापडला असं समजू," मी म्हणालो. बोललो खरा, पण त्यानंतर माझंही कामात लक्ष लागेना. रोजनामचा उघडला आणि एक ओळ न लिहिता मिटला. मोहतमीम साहेबांचा माणूस पुन्हा येऊन गेला. व्यापारी स्वतः येऊन बसला आणि दाईला का सोडलं म्हणून आवाज चढवू लागला. मी दारात उभा राहून रस्त्याकडे बघत होतो.

दुपार कलल्यावर त्या आल्या. पुढे त्या, मागे शिपाई. बाह्या ओल्या होत्या, पाय धुळीनं भरलेले.

"दोघीबी जगल्या," त्या म्हणाल्या. "आता मला ते भोक दाखवा."

बोळात जाऊन त्या भिंतीशी उकिडव्या बसल्या. भोकाच्या कडेवर रक्त सुकलं होतं आणि चोळीच्या फडक्याचा चिमूटभर तुकडा अडकला होता. सकाळी पंचनाम्यात आम्ही दोन्हींची नोंद घेतली होती. पण त्या बघत होत्या तसं आम्ही बघितलं नव्हतं. त्यांचा हात नकळत स्वतःच्या गळ्याकडे गेला.

"पोरगी हाय," त्या म्हणाल्या. "त्यानं दुसरी पोरगी आणली."

बराच वेळ त्या उठल्या नाहीत. मी घाई केली नाही. बापाला धरून द्यायचं का, हे मुलीनं ठरवायचं असतं. ते अमीनानं ओढून काढायचं नसतं.

शेवटी त्या उभ्या राहिल्या. "बदनापूरच्या पलीकडं रुळाच्या कडेला चुन्याची बंद पडलेली भट्टी हाय. अंग खरचटलेलं पोर गाडीत बसवलं की लोक इचारतात. म्हणून खपल्या धरंस्तोवर तो मला तिथं ठेवायचा. तिथंच असंल. जल्दी चला. अन् मी संग येणार. पोलीस बघून ती पोरगी कुठंबी उडी घेईल."

मिळाली त्या गाडीनं आम्ही साध्या कपड्यांत बदनापूरला उतरलो. गाडीत त्या एकदाही बसल्या नाहीत, दाराला धरून उभ्याच होत्या. भट्टीपाशी दोन्ही बाजूंनी माणसं लावली. म्हातारा बाहेर चुलीशी वाकला होता. जमादारानं झडप घातली. तो फारशी झटापट करू शकला नाही, पार थकलेला होता. दागिने त्याच्या वळकटीत मिळाले.

भट्टीच्या आतून काहीतरी सरपटल्याचा आवाज आला. दाईबाई आमच्या आधी आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा कडेवर एक मुलगी होती, खांदा सालटं निघून लालभडक. ती रडत नव्हती. तिला न रडायचं शिकवलेलं होतं.

म्हाताऱ्यानं लेकीकडे वर पाहिलं. "पोटच्या पोरीनं बापाला धरून दिलं! ऱ्हायलो असतो की मी तुझ्या आधारानं. पंधरवडाभर तुझ्याच मागं फिरून राह्यलो. कोणकोणत्या घरात जातीस, समदं बघितलं."

म्हणजे घर त्यानं असं निवडलं होतं. त्यांच्या पावलांवर पाऊल ठेवून.

"माझ्या मागं फिरलात," दाईबाई म्हणाल्या, "अन् एकदा हाक न्हाई मारली?"

म्हाताऱ्यानं नजर चुलीकडे वळवली.

"तुम्ही मला भिंतीत सोडून गेल्ता, बाबा."

"मी परत आल्तो," म्हातारा पुटपुटला. "लोक जागे झाले होते."

हे खरं होतं की खोटं, मला आजही सांगता येणार नाही. कबुलीजबाबात ते लिहायला जागा नव्हती. दाईबाईंनी मान फिरवली आणि मुलीच्या खांद्याला लावायला पाणी मागितलं.

मुलगी त्याची नव्हती. आष्टीच्या बाजारात त्यानं तिला उचललं होतं, एवढंच तो सांगू शकला. आम्ही तिकडे दवंडी पिटवली, गावोगावच्या पाटलांना कळवलं. कुणी पुढे आलं नाही. अदालतीच्या परवानगीनं दाईबाईंनी तिला ठेवून घेतलं. म्हातारा शिक्षा भोगतानाच वारला; प्रेत ताब्यात घ्यायला लेकच गेली होती.

त्यांचं पुढे सगळं सुरळीत झालं, असं मी लिहिणार नाही. खटल्यात त्यांची हकीकत उघड झाली आणि काही घरांनी त्यांना बोलवणं बंद केलं. व्यापाऱ्याच्या घरूनही वर्षभर बोलावणं आलं नाही. पुढे धाकटी सून अडली, तेव्हा त्याच मुनीमाला धावत पाठवलं. त्या गेल्या. मी कधीतरी विचारलं, राग नाही आला? म्हणाल्या, "आला की. पण अडलेल्या बाईवर काढून काय करू?"

आमच्या खात्याची एक सवय आहे. माणूस समोर आला की पहिला प्रश्न, कोणाचा रे तू? त्या प्रकरणानंतर माझ्या हाताखालच्या माणसांना मी सांगत आलो, की तो प्रश्न जरूर विचारा, पण तिथेच थांबू नका. बाप कोण, हे माणसाच्या हातात नसतं. बापानं दिलेलं पुढच्या लेकराला द्यायचं की आपल्यापाशीच संपवायचं, हे मात्र असतं. आणि ते एकदा ठरवून भागत नाही. परीक्षेसारखं पुन्हा पुन्हा बसावं लागतं.

त्या मुलीला दार लावलेल्या खोलीत झोप येत नसे, ओरडत उठे. म्हणून दाईबाई दार सताड उघडं टाकून झोपत. गावात चोऱ्या होत होत्या. मी एकदा समजावायला गेलो, तर म्हणाल्या, "तिचं मन बसंस्तोवर राहू द्या, साहेब." मी परत आलो आणि त्या गल्लीत एक जादा गस्त लावली. माझी तिथून बदली झाली तेव्हाही ते दार उघडंच होतं, आणि त्या घरात एकदाही चोरी झाली नाही.