मुरुमाच्या खाणीतली पाचवी गोळी

इंदापूरहून माझी बदली वडगाव निंबाळकरच्या शाळेत झाली, तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि शाळेच्या चार पायऱ्या चढलो तरी धापा टाकत होतो. शेजारी पलटणीतून निवृत्त झालेले एक हवालदार राहत. सगळे त्यांना आबा म्हणत. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी ते इटलीत होते. पायाला लाकडी फळ्या बांधून बर्फावरून धावणारे आणि मध्येच थांबून नेम मारणारे शिपाई त्यांनी तिथं पाहिले होते.

“आपल्याकडं बरफ न्हाय,” ते म्हणाले, “पर कॅनॉल हाय. पळा मास्तर, मग नेम धरा. पळून आल्यावर हात हलतो. त्यो थांबवायचा, येवढंच शिकायचं.”

शेतराखणीच्या परवान्याची त्यांची लहान रायफल होती. रोज उजाडलं की मी कॅनॉलच्या भरावावरून मैलभर पळायचो आणि जुन्या मुरुमाच्या खाणीत येऊन पालथा पडायचो. आबा रायफल घेऊन आधीच तिथं बसलेले असत. समोर खाणीच्या भिंतीला टेकवलेला पत्रा. पाच गोळ्या. पंधरा दिवसांत एकही लागली नाही. बऱ्याचशा भिंतीच्या वरून जात. वर नुसता पडीक माळ होता.

हिवाळ्यातल्या त्या सकाळी वारा अजिबात नव्हता. कॅनॉल भरून वाहत होता, पण त्याचा आवाज येत नव्हता. पळताना मला माझी पावलंही ऐकू येईनात. खाणीत येऊन मी चार गोळ्या झाडल्या. चारही वरून गेल्या. पाचवीसाठी डोळा लावला, तर पत्र्याशेजारी एक माणूस उभा. त्याचं धोतर निथळत होतं. तो माझ्याकडे बघतच नव्हता. मान वर करून खाणीच्या काठाकडे बघत होता.

मी चापावरचं बोट काढलं. “आबा, तिथं कुणीतरी आहे.”

“कुनी न्हाय,” शेजारी बसलेले आबा म्हणाले.

मी मान उचलून पाहिलं. खरंच कुणी नव्हतं.

तरी आबांनी रायफल घेऊन रिकामी केली आणि आम्ही काठावर चढलो. वर गवताच्या भाऱ्यामागं एक म्हातारी पाय पोटाशी घेऊन बसली होती.

“झालं का तुमचं?” तिनं विचारलं. “तुमच्या त्या मानसानं सांगितलं, खाली बस, उठू नगंस. म्हून बसलीया.”

“कुठला माणूस?” मी म्हणालो.

“त्योच की, वला झालेला. कॅनॉलात पडला व्हता का?”

खाली उतरून आबांनी पत्र्याशेजारची जमीन चाचपली. कोरड्या मुरुमात दोन पावलांएवढी जागा ओली होती. आम्ही बघत उभे होतो, तोवर ती वाळून गेली.

पळणं मी सोडलं नाही, पण रस्ता बदलला. रायफल मात्र आबांनी पुन्हा माझ्या हातात दिली नाही. पुढच्या दिवाळीत मी धीर करून विचारलं, “तुम्ही त्याला ओळखत होता का?”

“न्हाय,” ते म्हणाले. “माळावर कोन हाय का, ते बगायचं काम माजं व्हतं, मास्तर. मी बगितलंच न्हाय. त्यानं बगितलं.”

मग ते उठून गुरांना वैरण टाकायला गेले.