बेल नसलेली चिप आणि काकू

काकू पॅच वाचायला बसल्या की कोडवर हात ठेवायच्या. खरोखरचा हात. छापील कागदावरचा कोड तळव्याखाली झाकून वरचा मजकूर तेवढा मोठ्यानं वाचायच्या. "आधी काय दुखतंय ते सांगा. औषध मग बघू." पॅच म्हणजे चालू प्रोग्रॅममध्ये सुचवलेली दुरुस्ती. आमच्या वारज्याच्या ऑफिसातून एकही दुरुस्ती त्या तळव्याखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नसे.

वयानं आणि अधिकारानं त्या सगळ्यांच्याच काकू. कसबा पेठेतून बसनं यायच्या आणि उशीर झाला की थेट पुणे शहरालाच नापास करायच्या. मी भंडाऱ्याकडचा, नववीत शाळा सोडलेला, मोबाईल दुरुस्त करता करता कोड शिकलेला. मला तात्पुरतं घेतलं होतं. कुणी नुसतं "अरे, ऐक ना" म्हटलं तरी वाटायचं, झालं, आता गावची गाडी बघा.

माझ्याकडे काम आलं ते टचस्क्रीनच्या एका चिपचं. बोट लागलं की चिपनं कर्नलला, म्हणजे संगणकाच्या गाभ्यातल्या प्रोग्रॅमला, बेल वाजवून कळवायचं. त्याला इंटरप्ट म्हणतात. पण कारखान्यातून चिपमध्ये भरून आलेल्या फर्मवेअरला बेल वाजवताच येत नव्हती. मग मी कर्नललाच पिटाळलं: सारखं विचारत राहा, बोट लागलं का, लागलं का. एकही स्पर्श सुटायला नको म्हणून मध्ये जराही उसंत ठेवली नाही.

काकूंनी कोडवरचा हात उचलला, वाचलं, आणि तोच हात चिप जोडलेल्या सर्किट बोर्डवर ठेवला.

"अहो, छान तापलाय. पोळी टाकू का?"

"एखादा टच सुटला तर, काकू..."

"घाबरता तुम्ही, आणि धावतो बिचारा प्रोसेसर! माणसाचं बोट आहे ते, वीज नाही. जरा दमानं विचारा."

पुण्यात आल्यापासून ऑफिसात मी पहिल्यांदाच मोठ्यानं हसलो.

"हसू नका. उद्या कंपनीनं बेलवालं फर्मवेअर दिलं तर? बेल वाजतेय आणि तुम्ही आपले दारात उभेच! आधी चिपला विचारा, बेल आहे का. नाही म्हणाली तरच फेऱ्या मारा."

परत लिहिलं. परत तळवा. परत लिहिलं. शेवटी म्हणाल्या, "वाईट नाही." शेजारचा इंजिनिअर कुजबुजला, "पेढे वाट बाबा. मी अजून 'बघू'वरच आहे."

कर्नल जगभरची माणसं मिळून लिहितात. पॅच त्यांना मेलनं पाठवायचा होता, खाली लिहिणाऱ्याचं नाव घालून. नावाच्या ओळीपाशी मी थांबलो.

"काकू, तुमच्या नावानं पाठवा ना. माझं शिक्षण कुणी काढलं तर?"

"तिथे कोड वाचतात, मार्कशीट नाही. आणि दुसऱ्यानं केलेल्या कामाखाली मी माझं नाव घालत नसते. पूर्ण नाव घाला."

घातलं. लगेच कर्नलचा तो भाग सांभाळणाऱ्या परदेशातल्या एकाचा प्रश्न आला: दोन फेऱ्यांमधलं अंतर एवढंच का? मी धावत काकूंकडे.

"प्रश्न तुम्हाला विचारलाय. मी चहा सांगते, तुम्ही उत्तर लिहा."

मोडक्या इंग्रजीत लिहिलं, अंतर कमी केलं तर बोर्ड तापतो, जास्त केलं तर पडदा बोटामागे रेंगाळतो. दोन्ही करून पाहिलंय. मग उत्तर येईस्तोवर मी सारखा मेल उघडून बघत राहिलो. आलं ते एवढंच: पॅच घेतला. ऑफिसात आरडाओरडा झाला, साहेबांनी मला कायम केलं, आणि पेढे खरंच आले. काकूंनी अर्धा खाल्ला. "जरा गोड आहे."

गेल्या उन्हाळ्यात काकू निवृत्त होऊन लेकीकडे बंगळूरला गेल्या. निरोपाची भाषणं त्यांनी सुरू होण्याआधीच नामंजूर केली. पण कर्नलमधल्या बदलांच्या नोंदवहीत एकदा शिरलेलं सहसा कुणी पुसत नाही. तिथे त्या दुरुस्तीखाली माझं नाव आहे, आणि त्याला लागून खालच्याच ओळीत, हे मी तपासलंय असं सांगणारं, काकूंचं. घरापासून इतक्या लांब, माझ्या नावाशेजारी कुणी आपणहून उभं राहिलंय अशी जागा मला ती एकच माहीत आहे.