सोसा म्हणणारी सिस्टर

चाकण-तळेगाव रस्त्यावरच्या त्या खाजगी दवाखान्यात कुणाचीही शीर सापडेनाशी झाली की एकच हाक व्हायची, "विजयश्री सिस्टरला बोलवा." म्हातारी माणसं, भाजलेली पोरं, उलट्यांनी सुकून गेलेल्या बाया, कुणीही असो, विजयश्रीनं मनगट धरलं की सुई पहिल्या झटक्यात आत. तिला याचा फार अभिमान होता आणि तो खोटा नव्हता. दापोडीच्या रेल्वेलगतच्या गल्लीत वाढलेली मुलगी, नर्सिंग शिकली, राजगुरुनगरजवळच्या गावात लग्न होऊन आली आणि चाकणला कंपन्या वाढल्या तशी ती अपघात विभागात मुरत गेली. प्रेस मशीनखाली सापडलेली बोटं, कंटेनरनं उडवलेले दुचाकीवाले, यंत्रात अडकलेले केस, सगळं तिच्या डोळ्यांखालून गेलं होतं.

आलेल्या माणसाला तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "थोडं सोसा."

ती दुष्ट नव्हती. तिला शिकवलंच तसं होतं. दुखणं हा डॉक्टरचा डोळा असतो, तो आधीच झाकला तर आजार दिसणार कसा? शिवाय दुखणं थांबवणाऱ्या इंजेक्शनची सवय लागते, आणि जो जास्त ओरडतो त्याचं निम्मं नाटक असतं. एवढ्या वर्षांत या शिकवणीवर शंका घ्यावी असं तिला कधी वाटलं नव्हतं.

मग पूर्वी आली. ताथवड्याची, इंजिनिअर बापाची लेक, नर्सिंगची पदवी नुकती हातात पडलेली. तिला शीर लवकर सापडायची नाही, तेव्हा ती निमूट विजयश्रीकडं यायची. "विजयश्रीताई, जरा बघता का?" तोवर विजयश्रीला ती पोरगी आवडायची.

ज्योतीराम नावाचा एक कामगार हात टॉवेलात गुंडाळून आला आणि गोष्ट बदलली. प्रेसमध्ये त्याची दोन बोटं चेपली होती. विजयश्रीनं टॉवेल सोडवायला घेतला तसा तो किंचाळला.

"अहो, पुरुषासारखे पुरुष तुम्ही! थोडं सोसा," ती म्हणाली.

पूर्वी पलीकडं सलाईन लावत होती. ती मध्ये आली. ज्योतीरामच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. तुमचं किती?"

"दहा," तो दात आवळून म्हणाला. "दहाच्या वर काही असंल तर ते."

पूर्वी तशीच डॉक्टर अनिशकडं गेली आणि इंजेक्शनची ऑर्डर घेऊन आली. औषध दिलं, ते लागू होईपर्यंत जखमेला कुणाला हात लावू दिला नाही. मग टॉवेल निघाला तेव्हा ज्योतीराम छताकडं बघत आपल्या गावाकडच्या पेरूच्या बागेबद्दल बोलत होता.

टाके काढायला आला तेव्हा त्यानं पेढे आणले. खोका विजयश्रीसमोर धरून विचारलं, "त्या दुसऱ्या सिस्टर कुठायत?" विजयश्रीनं पेढा तोंडात टाकला. तो न चावताच गिळून तिनं टाक्यांची कात्री उचलली.

हे पुन्हा पुन्हा व्हायला लागलं. दारातून आत येणारे विचारू लागले, "त्या विचारतात ना, किती दुखतं म्हणून, त्या आहेत का?" विजयश्री मनाशी म्हणायची, विचारायला काय लागतं! शीर शोधायची वेळ आली की बाईसाहेब माझ्याकडंच धावतात. पण आपल्या सुईसाठी कुणी कधी पेढे आणले नाहीत, हेही तिला तेव्हाच आठवायचं.

त्यात घरी भर पडली. सासरे हिंदुराव चारा घालत असताना म्हशीनं त्यांच्या पायावर पाय दिला आणि अंगठ्याचं नख उपटलं. विजयश्री त्या दिवशी माहेरी गेली होती. दवाखान्यात त्यांना पूर्वीनंच पाहिलं. त्यानंतर जेवायला बसलं की म्हाताऱ्याचं तेच.

"लई गुणाची पोर. आधी भुलीचं इंजक्शन दिलं, मंग हात लावला. आन् मला इचारती, आजोबा, किती दुखतंय? आमाला जल्मात कुनी इचारलं न्हाई असं."

विजयश्री ताटात भाकरी वाढत होती. त्याच अंगठ्याचं ड्रेसिंग रोज तीच करत होती. तिचा नवरा सुजित म्हणाला, "अण्णा, आपल्या घरात सिस्टर आहे की."

"हाय की. मी कुटं न्हाई म्हन्लं?" हिंदुराव म्हणाले आणि पुन्हा पूर्वीवर आले.

त्या रात्री विजयश्रीनं भांडी इतकी आदळून घासली की शेजारीण विचारायला आली.

थोड्याच दिवसांत पोटदुखीचा एक रुग्ण आला. पूर्वीनं डॉक्टरांना सांगून त्याला लगेच दुखण्याचं औषध दिलं. पुढं ते अपेंडिक्स निघालं. विजयश्री सर्जनला मुद्दाम म्हणाली, "आधीच इंजेक्शन दिलं होतं, सर." सर्जन हात धुता धुता म्हणाले, "बरं केलं. पोट सैल सोडलं त्यानं, मला नीट तपासता आलं."

हे विजयश्रीनं आपल्या कानांनी ऐकलं. तरीही ती मेट्रन जयमालाबाईंकडं गेली. "पोरगी कुणी मागितलं की इंजेक्शन द्यायला लावते. परवा अपेंडिक्सच्या पेशंटला तपासायच्या आधीच दिलं. काही झालं असतं तर नाव कुणाचं गेलं असतं?" सर्जन काय म्हणाले, ते तिनं सांगितलं नाही.

जयमालाबाईंनी पूर्वीला वरच्या मजल्यावर वॉर्डात टाकलं. "काही दिवस जुन्यांच्या हाताखाली शिक," म्हणाल्या.

जाताना पूर्वी विजयश्रीपाशी आली. डोळे भरले होते. "ताई, माझं काय चुकलं?"

"मला काय माहीत बाई," विजयश्री म्हणाली आणि ट्रे उचलून निघून गेली.

पूर्वी गेली, पण विजयश्रीला वाटलं होतं तसा आनंद काही झाला नाही. लोक विचारायचे थांबले नाहीत. उलट आता "त्या वर गेल्या" असं तिलाच सांगावं लागायचं, आणि दर वेळी जीभ पोळल्यासारखी व्हायची.

एका दुपारी सुजितनं शेजाऱ्याच्या पिकअपमधून हिंदुरावांना आणलं. गोठ्यात शेणावरून पाय घसरून ते पडले होते. डावा पाय आखूड दिसत होता, पाऊल बाहेर वळलेलं. विजयश्रीनं बघताक्षणीच ओळखलं, खुबा मोडला. तिनं झटकन शीर धरली, सुई लावली, रक्त घेतलं.

"मामा, थोडं सोसा. एक्स-रे होऊ द्या," ती सासऱ्यांना म्हणाली.

हिंदुरावांनी डोळे मिटले. घामानं कपाळ डबडबलेलं, खाटेची कड मुठीत.

"फार दुखतंय का?"

"न्हाई."

थोड्या वेळानं त्यांनी डोळे उघडले. "ती पोरगी न्हाई व्हय आज?"

विजयश्री खाली वाकली. "मामा, मी आहे ना. मला सांगा."

"तुला सांगून काय उपेग?" म्हातारा हळूच म्हणाला. त्यात राग नव्हता. "तू म्हंतीस, सोसा. सोसतूय की."

ती पडद्याबाहेर आली आणि तिथंच उभी राहिली. या माणसाचं पथ्यपाणी, ड्रेसिंग, तापातली जागरणं, सगळं तिनं केलं होतं. आणि त्याला आठवण यावी ती चार घटका भेटलेल्या पोरीची! तिला पूर्वीचा असा राग आला की कान तापले. मग आतून एक बारीक कण्हणं आलं. कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून दाबून धरलेलं.

ती डॉक्टर अनिशपुढं जाऊन उभी राहिली. "सर, मामांना एक्स-रेच्या आधी दुखण्याचं द्या."

अनिशनं मान वर केली. "तुम्हीच म्हणता ना सिस्टर, आधी निदान?"

"म्हणत होते. त्यांना टेबलावर हलवायचंय, सर. तसंच हलवू?"

त्यानं लगेच ऑर्डर दिली. वय बघून डोस बेताचा. तिनं औषध दिलं, आणि मग फोन उचलून वॉर्डात लावला. "पूर्वी, जरा खाली येतेस? आमचे मामा आलेत. तुलाच विचारतायत." शेवटचे शब्द तिला ढकलून बाहेर काढावे लागले.

पूर्वी आली. विजयश्री पडद्याच्या बाहेर थांबली, पण कान आत.

"आजोबा, कुठं दुखतंय?"

"खुब्यात. गुडघ्यापत्तुर कळ येतीया. हाडात कुनी पहार घातल्यावानी. आता जरा उतारलंय."

"विजयश्रीताईंनी औषध दिलंय म्हणून."

"तिनं दिलं?" म्हातारा थांबला. "लई हुशार हाय माजी सून. सुई कवा लावली कळत न्हाई. पर तिला दुखनं सांगाया भ्या वाटतं बग."

आयुष्यभर ऐकायचं होतं ते कौतुक सासऱ्यांनी शेवटी केलं होतं. तेही पूर्वीजवळ. विजयश्रीनं पदरानं नव्हे, युनिफॉर्मच्या बाहीनंच डोळे पुसले आणि एक्स-रेला न्यायची ट्रॉली ओढली.

ऑपरेशन नीट झालं. नंतर ती जयमालाबाईंकडं गेली आणि सर्जन तेव्हा काय म्हणाले होते ते सांगितलं.

"तेव्हाच का नाही सांगितलंस?" बाईंनी चष्म्यावरून बघितलं.

"जळले होते मी," विजयश्री म्हणाली. दुसरा शब्द तिला सुचला नाही.

बाई फार बोलल्या. तिनं ऐकून घेतलं. पूर्वी खाली परत आली. कुणी सांगितलं कोण जाणे, पण तिला सगळं कळलं होतं. ती कामापुरतं बोलायची आणि "ताई" म्हणायची नाही, "सिस्टर" म्हणायची.

विजयश्री आता विचारते, पण आपल्या पद्धतीनं. "किती दुखतंय? खरं सांगा, इथं सोसण्याचं पदक मिळत नाही." माणसं घाबरून आधी आकडा कमी सांगतात, मग हसतात, मग खरा सांगतात. तरीही कुणी तिला ओलांडून पूर्वीकडं गेलं की पोटात भडका उठतोच. तो विझेल असं तिला वाटत नाही.

हिंदुराव वॉकर घेऊन पहिल्या तपासणीला आले तेव्हा त्यांनी भुईमुगाच्या ओल्या शेंगांची पिशवी आणली होती. सुनेच्या हातात देऊन म्हणाले, "त्या पोरीला दे."

विजयश्रीनं पिशवी नेऊन पूर्वीच्या टेबलावर आपटली. "मामांनी तुला दिल्यात. पण निम्म्या माझ्या. उपटल्यात मीच."

पूर्वीनं तिच्याकडं बघितलं. मग खुर्ची सरकवून बाजूला जागा केली.