बाजेखालचा पेंग्विन

आमची लेक पेंग्विनच्या कामासाठी दक्षिण आफ्रिकेला निघाली, तेव्हा मी इतवारीच्या बाजारात जाऊन जाडजूड लोकरी कपडे आणले आणि तिच्या बॅगेत कोंबले. एप्रिलच्या उन्हात मी स्वेटर मागतेय म्हटल्यावर दुकानदार माझ्या तोंडाकडे बघतच राहिला. लेक सांगून दमली की मी बर्फात नाही, समुद्रकाठच्या वाळूत जाते आहे. पण पेंग्विन म्हणजे बर्फ, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की मी तिलाच वेड्यात काढलं.

तिथे पोचल्यावर तिने फोनवर माझी चांगली शाळा घेतली. रानातले पेंग्विन जवळजवळ सगळे दक्षिणेकडचे, हे खरं. पण बर्फावर अंडी घालणारे त्यातले थोडेच. न्यूझीलंडमधले काही जंगलात झाडांच्या मुळांशी घरटं करतात, पेरू आणि चिलीचे वाळवंटी किनाऱ्यावर कपारींत राहतात, अर्जेंटिनाचे जमिनीत बिळं खणतात. एक जात तर थेट विषुववृत्तावरच्या बेटांवर संसार थाटून आहे. मी म्हटलं, बाई गं, मग ते स्वेटर कुणाला तरी देऊन टाक.

तिच्या किनाऱ्यावरचे पेंग्विन पूर्वी पक्ष्यांच्या विष्ठेच्या जाड थरात बीळ कोरून सावलीत अंडी घालायचे. माणसांनी तो थर खतासाठी खरवडून नेला, आणि बिचारे उघड्यावर आले. लेकीच्या कामावरची मंडळी त्यांना घरटी बनवून द्यायची, पण ती आतून तापायची. आपल्या हिवाळ्यात तिकडे उन्हाळा. एका दुपारी ऊन सहन न होऊन एक पक्षी अंड्यांवरून उठला, समुद्राकडे गेला, आणि समुद्रपक्ष्यांनी ती अंडी फोडून खाल्ली. लेक हे सगळं लांबून बघत होती. त्या संध्याकाळी ती फोनवर हमसून हमसून रडली. पुढच्या उन्हाळ्यासाठी एक घरटं आपल्या डोक्याने बनवायची परवानगी तिने मागून घेतली होती, पण बनवायचं कसं ते सुचत नव्हतं.

आता उन्हाचा विषय निघाला आणि आमचे हे गप्प बसतील? दर मार्चमध्ये कूलर उघडून त्याची ताटी बदलणारा माणूस तो. त्यांनी लगेच वाळ्याची ताटी आणि पाण्याचा पंप सुचवला. लेक म्हणाली, बाबा, तिथे ना वीज ना पाणी, आणि ओलीने अंडी खराब होतील. जरा हिरमुसले, पण हटले नाहीत. मे महिन्यात मातीचे मोठे माठ आणून, त्यांना घरट्यासारखी दारं पाडून, गच्चीवर पालथे घातले. एकाला चुना फासला, एकाला पोतं गुंडाळलं, एक तसाच ठेवला. प्रत्येकात थर्मामीटर. भर दुपारी डोक्याला दुपट्टा बांधून वर जायचे आणि तोंड पाडून खाली यायचे. तिन्ही माठ भट्टीसारखे तापत होते.

त्यात मे महिन्यात गच्ची वाळवणाची. वरच्या मजल्यावरची शेजारीण रोज विचारायची, ‘काहून गा भाऊ, माठाचं दुकान टाकून राहिले का?’ एक दिवस आम्ही खाप्याला लग्नाला गेलो आणि परत येऊन बघतो तर काय, बाईने आमच्या साध्या माठावरच स्वतःची बाज टाकलेली! वर पांढरं धोतर, त्यावर कुरड्या. मी तिला अशी काही फैलावर घेतली की खालचे लोक जिन्यात आले. तीही काही कमी नव्हती. आमचं जुंपलेलं असताना हे तो माठ काढायला बाजेखाली वाकले आणि तिथेच थांबले. बाहेर आले, बाकीचे माठ बघून आले, पुन्हा वाकले.

‘अवं, भांडू नका. हा माठ तं गार आहे.’

मीही भांडण सोडून बाजेखाली हात घालून बघितला. धोतर ऊन अडवत होतं, आणि बाज माठाला कुठेच टेकत नसल्याने मधून वारा खेळत होता. त्यांनी त्याचा फोटो लेकीला पाठवला, कुरड्यांसकट. तिने त्यावरून घरट्याच्या वर, अंतर सोडून, चार पायांवर उभं पांढरं छप्पर केलं. तिकडची मंडळी आधी पोट धरून हसली म्हणे.

दिवाळीनंतर त्या घरट्यात अंडी आली. आणि मग तो तापलेला दिवस उजाडला. आमच्याकडे संध्याकाळ, आम्ही शाली गुंडाळून बसलेलो. शेजारीणही आली होती, फोन तिच्याच हातात. लेक लांबून कॅमेरा धरून कुजबुजत होती की आसपासचे पक्षी उठून गेले, हा अजून आहे. अंड्यांवर बसायची आज बापाची पाळी आहे. छपराखालचा तो पक्षी चोच उघडून धापा टाकत होता. एकाएकी तो उभा राहिला. मला बघवेना.

आमचे हे खुर्चीवरून पुढे सरकले. आयुष्यात लेकीशीसुद्धा इतक्या हळू आवाजात बोलले नसतील.

‘बस गा,’ ते म्हणाले. ‘थोडा वेळ अजून. बस.’

त्याने चोचीने अंडी सारखी केली, अंग हलवलं, आणि पुन्हा त्यांच्यावर बसला.