होम पडला का?

चहाला बसलं की एक किस्सा निघतो, त्याच्या शेपटाला धरून दुसरा, आणि कपातला चहा गार होऊन जातो. किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. इंजिन शेडमागच्या राखेसारखा त्यांचा आपोआप ढीग होतो. मी लोणावळा स्टेशनावर तारबाबू होतो. आमचा सगळा ढीग एकाच शब्दाभोवती साठला. होम!

होम म्हणजे स्टेशनात शिरण्याआधीचा सिग्नल. त्याचा हात खाली पडला की गाडी आत. नाही पडला तर उंबऱ्याबाहेर उभी. दिवसभर आमच्या तोंडी एकच, "होम पडला का?" त्यातले विचारणारे आता निम्मे गेले.

*

विजेची इंजिनं यायच्या आधीची गोष्ट. वामन जोशी आमच्यात नवा असिस्टंट लागला. त्यानं तळेगावला आईला कळवलं, "माझं सारं लक्ष होमाकडे असतं." भटजींच्या घरातली बाई ती. तिनं आळीभर सांगितलं.

शेजारीण म्हणाली, "अहो, पण रेल्वेत होम कशाला?"

"कशाला म्हणजे? इंजिनाच्या पोटात साक्षात अग्नी! त्याला शांत नको करायला?"

पंधरवड्यात वामनला पुरचुंडी आली. आत समिधा आणि तुपाची बरणी! समिधा आमच्या चहाच्या चुलीत गेल्या. तूप मात्र वामननं कुणाला दिलं नाही. रोज जेवताना चमचाभर भातावर घ्यायचा.

*

आमचे स्टेशन मास्तर दामले. नियमाबाहेर पाऊल नाही. "लिहिलंय तसं" हा त्यांचा शब्द. एकदा शेडच्या मोठ्या साहेबानं त्यांना सपत्नीक कार्ड धाडलं. 'अ‍ॅट होम', रविवारी चार ते सहा.

"म्हणजे काय हो?" त्यांनी मला विचारलं.

"घरी," मी म्हटलं. साहेबी रिवाजात त्याचा अर्थ 'आमच्याकडे चहाला या' असा, हे मला तरी कुठं ठाऊक!

रविवारी मास्तर कोट-पगडी घालून क्वार्टरमध्ये बसले. बाईंनी नवं लुगडं नेसून पोहे केले. इकडे हे साहेबाची वाट बघतायत, तिकडे बंगल्यावर साहेब यांची!

सोमवारी साहेब फणकारत आला. मास्तर ताठ उभे. "सर, चारपासून सहापर्यंत आम्ही दोघंही घरातच होतो. पाणी भरायलासुद्धा बाहेर पडलो नाही!"

*

त्याच साहेबाची मडम विलायतेहून नुकती आलेली. साहेब शेडवर गेला की बिचारी व्हरांड्यात एकटी बसून "होम, होम" म्हणत रडायची. तिच्याकडे कामाला सखूबाई होती, आमच्या बत्तीवाल्या धोंडीबाची बायको. धोंडीबा रोज संध्याकाळी शिडी चढून सिग्नलांचे दिवे लावायचा, त्यामुळे हा एक इंग्रजी शब्द सखूबाईला पाठ होता.

एके दिवशी तिनं मडमेचा हात धरला. "रडू नगा बाई. होम काय लांब हाय व्हय? ह्यो हितं, हाकंवर!"

आणि नेऊन उभी केली थेट सिग्नलाखाली. वर धोंडीबा वात सारखी करत होता. मडमेनं मान वर करून पाहिलं, पोट धरधरून हसली, आणि मग दगडावर बसून पोटभर रडली. सखूबाई पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "म्हायेर माजं बी लांबच हाय."

पुढं दोघी रोजच तिकडे फिरायला जायच्या. साहेब एकदा लवकर घरी आला. "मेमसाब कुठं आहे?"

खानसामा म्हणाला, "मेमसाब होमला गेली, साब."

साहेबाच्या तोंडातला पाइप गळून पडला!

*

आमच्या अँग्लो-इंडियन फ्रँक ड्रायव्हरचा जन्म इगतपुरीच्या रेल्वे चाळीतला. विलायत त्यानं चित्रातच पाहिलेली, पण जेव्हा तेव्हा आपला "होम, होम." पेन्शन झाली तसा गडी कुत्रा कुणाला देऊन, सामान विकून बोटीत बसला. आम्ही हार घातले.

वर्षही झालं नसेल, पॅसेंजरमधून ट्रंक घेऊन फ्रँक उतरला!

"काय रे, होमला गेला होतास ना?"

"गेलो ना. तिथं जो तो विचारायचा, 'तुझं होम कुठं?' मी सांगायचो, 'लोनावला.'"

"मग?"

"मग म्हणायचे, 'तर इकडे कशाला आलास?'"

*

लढाई सुरू झाली आणि धोंडीबाचा एकुलता एक नामदेव पलटणीत गेला. त्याची पलटण पुण्याहून बोटीवर चढायला मुंबईला निघणार असल्याचा निरोप कामशेतच्या एका माणसानं आणला. धोंडीबा मास्तरांपुढं येऊन उभा राहिला.

"मास्तर, गाडी हितं थांबनार न्हाई म्हनत्यात."

"नाही. मिलिटरी स्पेशल आहे. थ्रू जाईल."

"त्याच्या आईला निस्तं त्वांड दिसलं असतं..."

"मिलिटरीची गाडी अडवता येत नाही, धोंडीबा. लिहिलंय तसं." मास्तरांनी मान वर केली नाही. धोंडीबा "व्हय जी" म्हणून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्पेशल आमच्या आधीच्या मळवली स्टेशनाहून सुटली. लाइन मोकळी होती. केबिनमधून फोन आला, "होम पाडू का?"

मास्तर चष्मा पुसत होते. "थांब," म्हणाले.

मी प्लॅटफॉर्मच्या टोकाला धावलो. गाडी सिग्नलापाशी येऊन कचकन उभी राहिली. खिडक्याखिडक्यांतून डोकी बाहेर आली. जाती गाडी तरी दिसेल म्हणून सकाळपासून तिथं बसलेली सखूबाई भाकरीचं गाठोडं घेऊन डब्याडब्याशी पळत होती. "नाम्या! आरं नाम्या, कुटं हाईस?" एका खिडकीतून हात बाहेर आला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला, गालाला लावला, आणि तशीच उभी राहिली. धोंडीबा मागं उभा राहून नुसता बघत होता.

मी परत आलो तरी मास्तर चष्माच पुसत होते. मग केबिनला हलकेच म्हणाले, "पाड."

गाडी धडधडत आमच्यासमोरून घाटाकडे निघून गेली. लगेच पुण्याच्या कंट्रोलचा फोन खणखणला. पलीकडचा बाबू इतका ओरडत होता, की खोलीभर ऐकू येत होतं, "स्पेशल होमला का थांबली?"

मास्तरांनी चष्मा चढवला, माझ्या हातून फोन घेतला आणि म्हणाले,

"होमला कोण थांबत नाही, साहेब?"