पुसू नको राहू दे

वर्गात दोन बाई होत्या. मोठ्या बाई म्हणजे वर्गाच्या खऱ्या शिक्षिका, आणि छोट्या बाई म्हणजे त्यांच्या हाताखाली शिकवायला शिकणाऱ्या. आता छोट्या बाई वयाने मोठ्या बाईंपेक्षा चांगल्या दहा वर्षांनी थोरल्या, हे मुलांना कोण सांगणार? घरची पोरं मार्गाला लागल्यावर त्यांना शिक्षिका व्हायची जुनी हौस आठवली, आणि एकदा मनावर घेतलं की मागे सरणाऱ्यातल्या त्या नव्हत्याच.

मुलांना त्यांचा लळा लागला होता. अडलं होतं ते फळ्याशी. भिंतीवरचा तो काचेचा डिजिटल फळा मोठ्या बाईंपुढे गरीब गाय, आणि छोट्या बाई जवळ गेल्या की मारकी म्हैस. त्यांनी त्यावर लिहिलं की अक्षरांना पाय फुटत. मागच्या परीक्षेच्या पाठात तर कुठेतरी हात लागून अख्खं पान गायब झालं, आणि परीक्षक "पुन्हा घेऊ" म्हणून निघून गेले. आता ही दुसरी संधी. तीही हुकली की सगळं वर्ष पहिल्यापासून.

शेवटी धाकट्या लेकीने तोड काढली. "आई, लिहूच नकोस. बोल. माईकचं चित्र दाबलं की तू जवळून बोलशील तेवढं फळा लिहील. विरामचिन्हं तेवढी हाताने द्यायची. बोलून झालं की चित्र पुन्हा दाबायचं. आणि तोंड आवर, कळलं?"

ही शेवटची सूचना उगाच नव्हती. बाईंना स्वतःशी बोलायची भारी सवय. भाजी चिरताना, किल्ली शोधताना, जिना चढताना तोंडाचा पट्टा चालूच. घरात सगळे त्यांना रेडिओच म्हणत. सासूबाई तर आल्यागेल्याला सांगत, "आमच्या सूनबाईंना गप्पांना माणूस लागत नाही, एकटीच्या बळावर भागवते."

पाठ होता विरामचिन्हांचा. परीक्षक शेवटच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसले. बाक मुलांच्या मापाचा होता. मोठ्या बाई दारापाशी उभ्या, आणि काळजी त्यांनाच जास्त. छोट्या बाईंनी माईक दाबला आणि ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "आज वर्गात पाहुणे आले आहेत." वाक्य फळ्यावर उमटलं. बाई इतक्या हरखल्या की माईक बंद करायचं साफ विसरल्या.

वर्ग खुदखुदायला लागला. बाईंनी वळून पाहिलं. पाहुण्यांच्या वाक्याखाली फळ्याने लिहिलं होतं, "जमलं बाई एकदाचं आता घसा का कोरडा पडला".

"अरे देवा! पुसू? नको, राहू दे," बाई पुटपुटल्या, आणि फळ्याने इमानेइतबारे तेही लिहिलं: "अरे देवा पुसू नको राहू दे".

मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले. पुढच्या बाकावरच्या दोन वेण्यांच्या मुलीने मात्र ते वाचलं आणि फणकारली, "बाई, पुसू नको काय? आम्ही कुठे पुसतोय?"

शंका विचारणारं मूल समोर आलं की छोट्या बाईंना भीतीचा विसर पडे. आताही तसंच झालं. "तुला नाही गं. मी मलाच विचारत होते, पुसू की नको. ते कळायला इथे काय हवं?"

"प्रश्नचिन्ह!" निम्मा वर्ग ओरडला.

मुलीने 'पुसू'पुढे प्रश्नचिन्ह दिलं आणि हुकमाचा प्रश्न झाला. मग काय विचारता! कोरड्या घशाला प्रश्नचिन्ह मिळालं, अरे देवाला उद्गारचिन्ह. बाई खुशाल बडबडत होत्या, फळा लिहीत होता, आणि खुणा द्यायला मुलांची झुंबड उडाली होती. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कोणी "गप्प बस" म्हणालं नाही.

घंटा झाली. परीक्षक बाकातून कसेबसे सुटून पुढे आले. "खरं सांगा बाई, माईक मुद्दाम चालू ठेवलात की विसरलात?"

"मुद्दाम नाही, विसरले," बाईंनी खरं ते सांगून टाकलं.

माईक अजून चालूच. फळ्यावर उमटलं, "मुद्दाम नाही विसरले". दोन वेण्यांची मुलगी ताडकन उठली आणि 'मुद्दाम'पुढे पूर्णविराम ठोकून मोकळी झाली. मुद्दाम. नाही विसरले.

पोर आपल्याला वाचवायला धावली, हे बघून बाईंना भरून आलं. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, तिच्याकडून फळ्याचं पेन घेतलं, पूर्णविराम पुसला आणि 'नाही'च्या पुढे स्वल्पविराम दिला. "लबाडी नको गं," त्या म्हणाल्या. "पाहुणे आलेत म्हणून तर मुळीच नको."

परीक्षकांनी फळ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. मग फळ्याच्या जवळ तोंड नेऊन, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसे मोठ्याने म्हणाले, "पास."

"अगं बाई!" छोट्या बाईंच्या तोंडून निघालंच.

फळ्याने लिहिलं, "पास अगं बाई". वर्गभर हात वर झाले, पण या वेळी बाईंनी पेन कोणालाच दिलं नाही. उद्गारचिन्ह त्यांनी स्वतः काढलं, चांगलं ठळक, आणि त्याला पाय फुटले नाहीत.